आवाजाच्या प्रदर्शनाला आम्ही दोघं

आधीच सांगून टाकते, आम्ही काही विकत घ्यायला गेलो नव्हतो. अंजनगाव सुर्जीहून अकोल्याला गेलो ते ऐकायला. आता माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे निघाल्यापासून परत येईपर्यंत जो भेटला त्यानं आमची टिंगल केली. केली तर केली.

आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहेत. लहानपणी त्यांचे कान वाहायचे. कुणी काय, कुणी काय घातलं त्यात, आणि पडदे गेले. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर बोलणं कळतं, बाकी सगळं ओठ बघून. कानात घालायच्या यंत्राची चौकशीही मी केली होती, पण कान अजून वाहतो म्हणून डॉक्टरांनी मनाई केली. आणि मी कोण? मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवते. बुद्धपौर्णिमेला विहारात माझं गाणं असतं. हे दरवर्षी अगदी पुढे सतरंजीवर बसतात, माझ्या तोंडाकडे बघतात, आणि शेजारच्यानं मान डोलवली की आपलीही डोलवतात. कधी कधी गाणं संपल्यावरही डोलवत राहतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं माझा एक सूर ऐकलेला नाही. कानात ओरडून गाता येत नाही हो, सूर फाटतो. मी करून पाहिलंय.

या हिवाळ्यात वर्तमानपत्रात जाहिरात आली. मुंबईचे व्यापारी अकोल्यात उंची रेडिओग्राम, टेपरेकॉर्डर आणि ते नवीन निघालेलं स्टीरिओ घेऊन येणार होते. घरच्या दिवाणखान्यासारख्या खोल्या सजवून त्यात ती यंत्रं वाजवून दाखवणार होते. ‘कानालाच काय, अंगालाही स्पर्श करील असा आवाज. रसिकांनी अवश्य यावे.’

अंगाला! मी ते वाक्य यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

“जाहिरातवाले काहीबी लिवतात,” हे म्हणाले.

“तुमचे कान गेले, अंग तर शाबूत हाये ना?” मी त्यांच्या कानात ओरडले. दोन घरं पलीकडची म्हातारी बाहेर येऊन बघायला लागली. हे हसले. यांना हसू आलं की मी जिंकले, हे मला पक्कं माहीत आहे. मी शाळेत रजा टाकली.

राजापेठ, अमरावती

अंजनगावहून अकोल्याला सरळही जाता येतं. आम्ही मुद्दाम अमरावतीचा फेरा घेतला, कारण राजापेठेत यांच्या थोरल्या बहिणीचं, कमलाक्काचं घर. तिला न सांगता परस्पर अकोल्याला गेलो असतो तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. यांना काही फरक पडला नसता, मला पडला असता.

एसटीतून उतरलो तेव्हा आमच्या अंगावर इतकी धूळ होती की अक्कानं दारातच पाण्याची बादली आणून ठेवली. आम्ही पानमळ्यातली पानं नेली होती, केळीच्या सोपटात ओली बांधून. अमरावतीकरांना आमच्या अंजनगावच्या पानाचं भारी कौतुक. आम्ही ज्या पानाकडे ढुंकून बघत नाही, ते अक्कानं शेजारणींना एकेक करून वाटलं, प्रसाद वाटावा तसं.

जेवायला तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी आणि ज्वारीची भाकरी. आमच्याकडे या भाजीत सोले अख्खे ठेवतात, अक्का अर्धे वाटून घालते. तिची भाजी जास्त दाट होते, हे मी कबूल करते. तिच्यासमोर केलं नाही. संध्याकाळी यांनी कोपऱ्यावरून गिला वडा आणला. दह्यात बुडालेला, वर हिरवी चटणी, आणि तिखट असं की नाकातून पाणी. अंजनगावात हा प्रकार मिळत नाही, हे एक मोठं न्यून आहे.

जेवताना अक्कानं विचारलं, “अकोल्याले काहून चालले?”

मी सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

“बाप्पा! बहिऱ्याले घेऊन आवाजाच्या जत्रेत चालली? तुह्या डोक्यावर परिणाम झाला काय वं?”

“झाला असन,” मी म्हटलं.

“तिथं मोठे मोठे लोक राहतीन. माह्या भावाले कोपऱ्यात बसवतीन अन् हसतीन त्याच्यावर. लहानपणापासून हेच पाहून राहिली मी. पोट्टे मागून येऊन टाळ्या वाजवत, हा वळला नाई की हसत.” तिचे डोळे भरून आले. “त्याचं हसू झालं ना सुमन, तर माह्या दारात पाय नको ठेवू.”

 ती म्हणत होती ते खरंच होतं. हे आमच्या दोघींच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते. काय चाललंय ते त्यांना सगळं कळलं होतं.

“अक्का,” हे म्हणाले, “हसले तर मले कुठी ऐकू येते?”

अक्का रडता रडता हसली. पण त्या हसण्यानं माझी जबाबदारी कमी झाली नाही, उलट वाढली. आता जायचं तर काहीतरी ऐकवूनच आणायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अकोला

बडनेऱ्याहून सकाळची गाडी. कापसाचे दिवस, त्यामुळे प्रत्येक फाटकाशी बैलगाड्यांची रांग आणि गाड्यांवर पांढरे डोंगर. हे खिडकीतून कुठल्या गाडीतला कापूस ओला आहे ते मला सांगत होते. मी विचारलं नव्हतं. यांचं बोलणं मोठ्यानं असतं, त्यामुळे सगळ्या डब्याला कळलं.

अकोल्यात मुक्काम जुन्या शहरात, यांच्या जिनमधल्या जोडीदाराच्या सासुरवाडीत. घर लहान, माणसं मनानं मोठी. त्यांनी एक खोली आम्हाला रिकामी करून दिली आणि स्वतः ओसरीवर झोपले. अकोल्याची माणसं अमरावतीकरांपेक्षा एक पट्टी वरच्या आवाजात बोलतात असं माझं मत झालं. आणि चहा! आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारतात, अकोल्यात विचारत नाहीत, आणतात. नको म्हटलं तर रागावतात. दुपारपर्यंत माझं पोट चहानं डुचमळत होतं.

प्रदर्शन मोर्णा नदीच्या पलीकडच्या तीरावर, नव्या वस्तीत. आम्ही चालत निघालो. पूल ओलांडताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी चिंधीनं चप्पल पायाला बांधली. नवं लुगडं, केसात शेवंती, आणि पायाला चिंधी. यांनी विचारलं, “वापस जाऊ?” मी पुढे चालायला लागले.

हॉलच्या दारात कोट घातलेला एक माणूस उभा होता. त्यानं आधी माझ्या पायाकडे पाहिलं.

“पास?”

“कसला पास?”

“बाई, हे निमंत्रितांसाठी आहे.”

“जाहिरातीत रसिकांनी यावं असं लिहिलंय. पास घेऊन यावं असं कुठं लिहिलंय?”

“अहो, पण रसिक म्हणजे…”

“मी गाणं शिकवते. तुम्ही काय शिकवता?”

तो गडबडला. मागे एक मोटार येऊन थांबली होती, तिच्यातल्या मंडळींना नमस्कार करायला तो वळला, आणि आम्ही आत गेलो. चोरून नाही, सरळ त्याच्या समोरून.

आतलं वर्णन करायलाच हवं, कारण अंजनगावात असं काही येणार नाही. गालिचा इतका जाड की चप्पल वाजत नव्हती, आणि माझ्या चपलेच्या दृष्टीनं ते बरंच होतं. पडदे टाकून हॉलच्या तीन खोल्या केल्या होत्या. प्रत्येक खोलीत सोफे, फुलदाणी, आणि समोर यंत्र. यंत्र म्हणजे आपल्याकडच्या दुकानातला रेडिओ डोळ्यांसमोर आणू नका. चांगल्या शिसवी कपाटासारखी पेटी, वर झाकण, झाकणाखाली तबकडी फिरायची जागा, खाली सोनेरी जाळीमागे आवाजाचे कर्णे. काच लावून आतले दिवे दिसतील असं केलेलं एक होतं, त्याच्या भोवती बायकांची गर्दी.

आणि लोक कसे ऐकत होते! आपल्याकडे गाणं ऐकायचं म्हणजे मांडी घालून बसायचं, मांडीवर ताल धरायचा, जमलं की ‘वा!’ म्हणायचं. इथे सगळे सोफ्याच्या कडेला टेकून, हात जुळवून, शाळातपासणीला साहेब आल्यावर माझ्या मुली बसतात तसे बसले होते. ‘वा’ कुणी म्हणेना. मी एकदा म्हटलं, तर चार माना वळल्या.

पहिल्या खोलीत स्टीरिओ. मुंबईचा तरुण विक्रेता, बोलणं अगदी तुपातलं. “आता आपण डोळे मिटा. चेंडू डावीकडून उजवीकडे जाईल.” आणि खरंच हो! टप, टप, टप, चेंडू माझ्या नाकासमोरून पलीकडे गेला. मी दचकून यांच्याकडे पाहिलं. यांनी डोळे मिटले होते, कारण सगळ्यांनी मिटले होते. बाकीच्यांनी उघडले तरी यांचे मिटलेलेच. कुणीतरी फिस्सकन हसलं. अक्काचं बोलणं मला आठवलं. मी यांच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “छान हाये.”

दुसऱ्या खोलीत वाद्यांचं संगीत. मी तिथल्या विक्रेत्याला म्हटलं, “जरा आवाज मोठा करा.” तो म्हणाला, “याची खरी गंमत हळू आवाजात आहे.” मी म्हटलं, “ज्याला हळू ऐकू येतं त्याच्यासाठी असेल.” त्यानं नाइलाजानं थोडासा वाढवला. शेजारच्या बाईंनी कपाळाला आठी घातली, त्यानं परत कमी केला. हे मान डोलवत होते. शेजारी बघून, एक मात्रा मागून.

मी त्यांच्या कानाशी गेले. “खरं सांगा. काय येऊन राहिलं?”

“गुम् गुम्.”

“बस?”

“बस. चाल आता. मले लोकाईत नको बसवू.” हे त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, म्हणजे साऱ्या खोलीनं ऐकलं.

खरं तर तेव्हाच निघायला हवं होतं. शहाण्या बाईनं तेच केलं असतं. पण एक खोली राहिली होती. मी म्हटलं, “एवढी पाहू, मंग जाऊ. अन् तिथं मान नका डोलवू. माझी शपथ आहे. नाही आलं तर नाही आलं, खोटं नाही डोलवायचं.”

तिसऱ्या खोलीत सगळ्यात मोठा रेडिओग्राम. त्याच्याजवळ अकोल्यातले या व्यवहाराचे मुख्य शेटजी स्वतः उभे. सोफे भरलेले होते म्हणून आम्ही पेटीच्या बाजूलाच उभे राहिलो. पहिल्या खोलीतला मुंबईचा विक्रेता आता इथे आला होता, त्यानं तबकडी लावली. एका बाईचं गाणं, अगदी संथ आलाप. काय सांगू, असा निर्मळ आवाज मी तोपर्यंत कुठल्याच यंत्रातून ऐकला नव्हता. मी क्षणभर यांना विसरले.

तेवढ्यात विक्रेता ओरडला, “अहो! अहो मिस्त्री, काय करताय?”

मी पाहिलं तर यांनी कोटाच्या खिशातून स्क्रू पिळायचा आपला पेचकस काढला होता, त्याचं टोक पेटीच्या कडेला टेकवलं होतं, आणि लाकडी मूठ दातात धरली होती.

जिनमध्ये बेअरिंग आतून बिघडलं तर बाहेरून दिसत नाही. फिटर पेचकसचं टोक यंत्राला लावतात आणि मूठ कानाला, म्हणजे आतली खरखर कळते. यांचा कान कामाचा नाही, म्हणून हे मूठ दातात धरतात. जिनमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला ऐकू येतं ते? तर म्हणाले, “ते ऐकणं नसते, ते समजणं असते.” मला पटलं होतं. कामाची गोष्ट कामावर. ती गाण्याजवळ आणावी असं आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. आताही यांना गाणं ऐकायचं नव्हतंच. एवढी देखणी पेटी, आतून ठीक चालते की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

“पॉलिश खराब होईल! काढा ते!” शेटजी पुढे आले.

मी मध्ये उभी राहिले. यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मान हलत नव्हती. डोळे सताड उघडे, समोरच्या पडद्यावर, आणि पापणीसुद्धा हलत नव्हती. इतकी वर्षं मी त्यांना गाणं ऐकताना पाहत आले होते, पण असे कधी पाहिले नव्हते.

मी पदराची घडी करून पेचकसच्या टोकाखाली सरकवली. “घ्या. आता नाही ओरखडा येणार. बोलू नका कुणी.”

तबकडीची बाजू संपली. यांनी मूठ दातातून काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या देवळासारख्या शांत हॉलमध्ये, जिनमध्ये बोलतात त्या आवाजात म्हणाले, “बाई हाये! सुमन, बाई गाऊन राहिली!”

सगळे वळून बघायला लागले. मागून कुणीतरी हसलं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे.

“हसता काय?” मी म्हटलं. “या माणसानं जन्मात पहिल्यांदा गाणं ऐकलंय. तुम्ही रोज ऐकता, म्हणून इथे पेंगता आहात.”

हसणं थांबलं. शेटजी हात जोडून म्हणाले, “बाई, बहुत अच्छा झालं, पण आता दुसऱ्या मंडळींना जागा द्या.”

“दुसरी बाजू लावा. ती ऐकल्याशिवाय मी इथून हलत नाही.”

“अहो, पण…”

“हलत नाही!”

विक्रेता, तोच मुंबईचा, एकदा शेटजींकडे आणि एकदा यांच्याकडे बघत होता. मग त्यानं तबकडी उलटली आणि स्वतःचा हातरुमाल काढून माझ्या पदराच्या जागी ठेवला. “असं धरा, मिस्त्री,” तो हळूच म्हणाला. त्याचं भलं होवो. दुसरी बाजू यांनी अथपासून इतिपर्यंत ऐकली. सोफ्यावरची मंडळीही ऐकत बसली, आणि मध्ये एका जागी कुणीतरी चक्क ‘वा!’ म्हणालं.

अकोला स्टेशन

दुसऱ्या दिवशी दुपारी मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत आम्ही स्टेशनावर बाकावर बसलो होतो. चप्पल शिवून घेतली होती. मांडीवर यजमानांनी बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा. हे रुळांकडे बघत बसले होते. मला वाटलं, असं यंत्र आपल्या घरात कधी येणार नाही, म्हणून खिन्न झाले असतील. मीही तोच विचार करत होते. बघून आलो, ऐकून आलो, आणि आता परत तेच आयुष्य, तेच विहारातलं मान डोलवणं. उगाच नेलं का मी यांना?

“सुमन,” हे एकदम म्हणाले, “तू गाते ते कसं असते?”

मी काय सांगणार?

त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि त्याचं टोक माझ्या हनुवटीकडे आणलं.

“अवो! मी काय जिन आहे?” मी हात झटकला. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून माझा हात तिथेच थांबला. लोखंडाचं टोक हनुवटीला लावून कोण गाऊ शकेल? मी विचार केला. मूठ दातात धरतात, म्हणजे आवाज दातातून, हाडातून जातो. मग मधे लोखंड कशाला पाहिजे? माझंही हाडच आहे.

मी पेचकस त्यांच्या खिशात परत ठेवला. त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्या कपाळाला त्यांचं कपाळ टेकवलं, घट्ट. भर दुपारी, भर स्टेशनावर. हमाल बघत होते, चहावाला बघत होता, समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

आणि मी गायला लागले. विहारात म्हणते तेच, खालच्या पट्टीत, अजिबात न ओरडता.

पहिल्या ओळीला त्यांचा श्वास अडकला, तो मला माझ्या गालावर कळला. त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं जोरात की बांगडी रुतली. मान हलत नव्हती. माझा आवाज मध्येच कापला, मी तो सावरला आणि पुढे गेले.

एक म्हातारा प्रवासी काठी टेकत जवळ आला. “काय झालं वं बाई यायले? डोकं दुखून राहिलं काय?”

“नाही, बाबा,” मी कपाळ न हलवता म्हटलं. “गाणं ऐकून राहिले ते.”

आणि पुढचं कडवं घेतलं.